दोन सर्व्हर आहेत ना? मग एकाची वायर ओढून दाखवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जून-जुलैत दाखल्यांची गर्दी सुरू झाली की आपल्या पेपरात "सर्व्हर डाऊन, विद्यार्थी-पालक ताटकळले" ही बातमी येतेच, यंदाही आली, आणि शेवटच्या परिच्छेदात नेहमीसारखं संबंधितांचं उत्तर पण होतं की आमच्या यंत्रणेत दोन सर्व्हर आहेत, एक बंद पडला तर दुसरा चालू होतो, अडचण लवकरच दूर होईल. हे वाचलं की आमच्यासारख्यांचं डोकंच फिरतं. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, लिनक्सवर क्लस्टर उभे करून देणं, पतसंस्था, हॉस्पिटल, कारखाने, जो बोलावेल त्याच्याकडे जायचं. त्यामुळे सांगतो, दोन सर्व्हर असणं वेगळं आणि एक पडल्यावर दुसऱ्याने काम उचलणं वेगळं. पण आपला वार्ताहर ते उत्तर लिहून घेतो आणि निघतो, पुढचा प्रश्न विचारतच नाही. शेवटचं कधी मुद्दाम एक सर्व्हर बंद पाडून बघितला होता? तारीख सांगा. बस, एवढंच विचारायचं. त्या तारखेसाठीच हे पत्र लिहितोय, लांबलंय, कापायचं तिथे कापा.

आधी हे क्लस्टर प्रकरण काय असतं ते सांगतो. दोन मशीन घ्यायची, त्यांना नोड म्हणतात. दोन्हीवर कोरोसिंक नावाचं सॉफ्टवेअर चालतं, त्याचं काम एवढंच की समोरचा जिवंत आहे ना हे सतत चाचपत राहायचं. त्याच्यावर बसतो पेसमेकर, तो ठरवतो की डेटाबेस कुठल्या नोडवर चालणार, फ्लोटिंग आयपी, म्हणजे दोघांमध्ये फिरणारा नेटवर्कचा पत्ता, कुणाकडे राहणार, एक गेला तर दुसरीकडे काय कुठल्या क्रमाने सुरू करायचं. डेटा दोन्हीकडे सारखा राहावा म्हणून डीआरबीडी, म्हणजे एका डिस्कवर जे लिहिलं ते नेटवर्कवरून लगेच दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर पण. खिडकीत बसलेल्या क्लार्कच्या पीसीला फक्त तो फ्लोटिंग आयपी माहीत असतो, मागे कुठलं मशीन उत्तर देतंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. यात नवीन काही नाही, लिनक्सवर हे नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून चाललंय, डीआरबीडी तर २०१० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, आणि सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतं, पैसे लागतात ते हार्डवेअरला आणि डोक्याला.

आणि इन्स्टॉल करायचं म्हणाल तर सोपं आहे, खरंच सोपं आहे, आणि घोळ तिथेच होतो. दोन्ही नोडवर पॅकेजेस टाका, होस्ट फाइलमध्ये दोघांची नावं-आयपी लिहा (डीएनएसच्या भरवशावर अजिबात राहू नका), घड्याळं क्रोनीने जुळवून घ्या, एचएक्लस्टर नावाच्या युजरला दोन्हीकडे पासवर्ड द्या, फायरवॉलमध्ये कोरोसिंकसाठी यूडीपी ५४०५ आणि क्लस्टरला कमांड देणाऱ्या पीसीएसडीसाठी टीसीपी २२२४ उघडा, मग पीसीएस होस्ट ऑथ, पीसीएस क्लस्टर सेटअप, पीसीएस क्लस्टर स्टार्ट, झालं. पीसीएस स्टेटस मारलं की दोन्ही नोड ऑनलाइन. सांगितलेला चहा यायच्या आत होतं एवढं. व्हेंडरचा इंजिनीअर स्क्रीनशॉट काढतो, तो रिपोर्टमध्ये चिकटवतो, आणि टेंडरमधल्या "हाय ॲव्हेलेबिलिटी" नावाच्या रकान्यात टिक पडते.

पण नंतर डेटाबेस वगैरे त्यात टाकायला गेलं की पेसमेकर अडून बसतो. काहीच सुरू करत नाही. कारण त्याला फेन्सिंग कसं करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं, पेसमेकरच्या भाषेत स्टोनिथ, आणि ते सांगितल्याशिवाय रिसोर्स, म्हणजे डेटाबेस, आयपी वगैरे, सुरू करायचे नाहीत असं बनवणाऱ्यांनीच ठरवून ठेवलंय. आता आपला गडी काय करतो, एरर कॉपी करून सर्च करतो, पहिल्या-दुसऱ्या उत्तरातच मिळतं की स्टोनिथ-एनेबल्ड फॉल्स करा, म्हणजे फेन्सिंग बंदच करून टाका, एका ओळीची कमांड, मारली, सगळं हिरवंगार. दुसऱ्या कुणी उभा केलेला क्लस्टर बघायला मला बोलावलं ना की मी लॉगइन करून सगळ्यात आधी हीच सेटिंग बघतो, आणि बहुतेक ठिकाणी ती फॉल्सच सापडते. कुणी केली विचारलं तर एएमसीवाला, म्हणजे देखभालीचा ठेका घेतलेला, म्हणतो, ते आधीच्या पार्टीने करून ठेवलंय साहेब, आम्ही हात नाही लावला.

आता फेन्सिंग कशासाठी ते समजून घ्या, सगळा खेळ तिथेच आहे. समजा पहिल्या नोडला दुसऱ्याचं उत्तर येईना. आता दुसरा खरंच मेला असेल किंवा दुसरा एकदम ठणठणीत असेल आणि मधली केबल गेली असेल. पहिल्याला आत बसून हे ओळखायचा काही मार्गच नसतो, सॉफ्टवेअर कितीही महाग घ्या. म्हणून तो सरळ दुसऱ्याची वीजच तोडतो, आयपीएमआयवरून (सर्व्हरमध्येच असलेला, मशीन दुरून चालू-बंद करायचा वेगळा भाग) मशीनला थेट हुकूम देऊन किंवा रिमोट पीडीयूचं, म्हणजे दुरून बंद करता येणाऱ्या पॉवर बोर्डाचं, सॉकेट बंद करून, आणि बंद झाला अशी पोच मिळाल्यावरच त्याचं काम आपल्याकडे घेतो. क्रूर वाटतं खरं. पण हे नसेल तर दोघंही म्हणणार समोरचा गेला, आता मीच मालक, आणि दोघंही आपापल्या डिस्कवर लिहीत सुटणार. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. एकाच गटाच्या सातबाऱ्यावर दोन तलाठ्यांनी आपापल्या दप्तरात एकाच दिवशी वेगवेगळे फेरफार धरावेत आणि दोघांचेही सही-शिक्के खरे असावेत, तसलं ते प्रकरण.

एका हॉस्पिटलचं सांगतो, नाव लिहीत नाही. तिथे कुणीतरी चांगल्या बुद्धीनेच दोन नोड दोन मजल्यांवर ठेवले होते, खाली पाणी शिरलं तर वरचा वाचेल म्हणून. एक बिलिंगच्या मागच्या खोलीत, दुसरा वर लॅबच्या शेजारी. खालचे पीसी खालच्या स्विचला, वरचे वरच्या स्विचला, आणि दोन स्विचना जोडणारी केबल एकच. हार्टबीट, म्हणजे समोरचा जिवंत आहे ना ही चाचपणी, त्याच केबलवरून, रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची कॉपी, पण त्याच केबलवरून. फेन्सिंग अर्थातच फॉल्स. एक दिवस फॉल्स सीलिंगचं काम करणाऱ्यांकडून ती केबल तुटली. आणि गंमत म्हणजे कुठेच काही डाऊन झालं नाही! वरच्या नोडला वाटलं खालचा गेला, त्याने फ्लोटिंग आयपी घेतला, डेटाबेस चालू केला, वरचे सगळे पीसी त्याच्याशी बोलायला लागले. खालचा तर आधीपासून चालूच होता. पेशंट खाली पैसे भरून पावती घेऊन वर जातो, लॅबमधल्या ताई म्हणतात सिस्टीमला तुमचं बिलच दिसत नाही, खाली जाऊन या, खालचा क्लार्क म्हणतो अहो हे काय समोर दिसतंय, भरलेत की पैसे. म्हातारी माणसं जिना चढतायत उतरतायत, काउंटरवर भांडणं, आणि आयटीवाला सगळ्यांना शपथेवर सांगतोय की सर्व्हर दोन्ही चालू आहेत, मॉनिटरिंग हिरवं आहे. खोटं नव्हता बोलत तो.

दुपारी कुणाला तरी ती तुटलेली केबल सापडली, जोडली, आणि डीआरबीडीने कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ टाकली, "स्प्लिट-ब्रेन डिटेक्टेड, ड्रॉपिंग कनेक्शन", आणि दोन्ही बाजू स्टँडअलोन, म्हणजे एकमेकांपासून तुटून, होऊन बसल्या. त्याने बरोबरच केलं, कारण एव्हाना दोन्ही डिस्कवर वेगवेगळी आणि खरी माहिती होती. यातून बाहेर पडायची जी कमांड आहे तिच्यात अक्षरशः "माझा डेटा टाकून द्या" असं लिहावं लागतं, डिस्कार्ड-माय-डेटा, कुठल्या तरी एका नोडवर बसून. कुठल्या मजल्याचा टाकायचा? बिलं टाकायची का रिपोर्ट? शेवटी वरच्या डिस्कची कॉपी बाजूला काढून ठेवली, खालचा डेटा खरा धरला आणि वरच्या मजल्याच्या त्या दिवसाच्या नोंदी लॅबचं रजिस्टर आणि कागदी पावत्या समोर ठेवून अकाउंट्सच्या लोकांनी हाताने परत भरल्या. आता मला सांगा, त्यांच्याकडे एकच सर्व्हर असता तर काय झालं असतं? वरचा मजला अर्धा दिवस कागदावर चालला असता, विषय संपला. म्हणजे लाखो रुपये खर्चून आणलेल्या दुसऱ्या सर्व्हरने नुकसानच जास्त केलं. अर्धवट क्लस्टरपेक्षा एक साधा सर्व्हर आणि रोजचा नीट बॅकअप बरा, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, धंदा गेला तरी चालेल.

यात दुसरी भानगड म्हणजे कोरम. कोरम म्हणजे इथे बहुमत. तीन नोड असतील आणि नेटवर्क तुटून दोन एका बाजूला एक दुसऱ्या बाजूला झाले तर दोनवाली बाजू चालते, एकटा गप्प बसतो. पण दोनच नोड असले की दोनाचं बहुमत दोनच, एक गेला की बहुमत संपलं. म्हणून कोरोसिंकमध्ये दोन नोडवाल्यांसाठी टू-नोड नावाची खास सवलत आहे, ती लावली की एकट्यालाही चालवता येतं, पण तिच्यासोबत वेट-फॉर-ऑल आपोआप येतं, म्हणजे रात्री लाइट जाऊन दोन्ही बंद पडले आणि सकाळी एकच उठला तर तो दुसरा दिसेपर्यंत काहीही सुरू करत नाही. लोक फोन करतात की क्लस्टर हँग झालाय. हँग नाही झाला हो, तो मुद्दाम थांबलाय, कारण जुना डेटा घेऊन एकट्यानेच दुकान उघडलं तर पुन्हा तेच हॉस्पिटलचं प्रकरण होईल. याच्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तिसरं मत, क्यूडिव्हाइस म्हणतात, एखादा जुना पीसी पण चालतो, त्याच्यावर डेटा काहीच नसतो, भांडण लागलं की कुणाच्या बाजूने मत द्यायचं एवढंच त्याचं काम. फक्त तो या दोघांच्याच रॅकमध्ये त्याच स्विचवर ठेवू नका म्हणजे झालं. आणि टेंडर लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता, तीन नोडमध्ये एक मेलेला चालतो, चार नोडमध्येही एकच, दोन मेलेले चालायला पाच लागतात. चार नोड मागवणाऱ्यांनी चौथा कशासाठी घेतला हे एकदा लेखी विचारायला हवं. आणि हो, कोरम लावला म्हणून फेन्सिंग नको असं पण नसतं, हँग झालेला नोड मत देत नसला तरी डिस्कवर लिहू शकतो.

कुणी म्हणेल हे सगळं छोट्या गावच्या लोकांचे प्रॉब्लेम, मोठ्यांकडे असं होत नाही. होतं की. जगभरचे प्रोग्रामर जिथे कोड ठेवतात त्या गिटहबचं डिसेंबर २०१२ मध्ये झालं. स्विचच्या अपग्रेडच्या कामात नेटवर्क थोडा वेळ अडकलं, त्यांचे फाइल सर्व्हर पेसमेकर-हार्टबीट-डीआरबीडीवर जोडीजोडीने चालत होते, जोडीतल्या दोघांना एकमेकांचं उत्तर येईना, दोघांनी एकमेकांना बंद करायचा हुकूम सोडला आणि काही जोड्यांमध्ये दोघंही बंद पडले. म्हणजे फेन्सिंग होतं तरी. म्हणूनच आम्ही एका नोडच्या फेन्सिंगला थोडे सेकंद उशीर लावतो, म्हणजे दोघांनी एकमेकांवर हुकूम सोडले तरी एक जण नक्की उरतो, आणि हार्टबीटसाठी दोन वेगवेगळ्या केबल, शक्यतो दोन वेगवेगळ्या स्विचमधून. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचं कनेक्शन दुरुस्तीच्या कामात फक्त ४३ सेकंद तुटलं. ४३ सेकंद! तेवढ्यात फेलओव्हरच्या, म्हणजे एक पडला की काम दुसऱ्याकडे हलवणाऱ्या, सॉफ्टवेअरने डेटाबेसचा मुख्य कारभार पश्चिम किनाऱ्यावर नेऊन ठेवला, आणि पूर्वेकडे काही सेकंदांचं लिहिलेलं असं राहिलं की जे पलीकडे पोचलंच नव्हतं. दोन्हीकडे वेगवेगळा खरा डेटा. ते जुळवत बसण्यात सेवा २४ तास ११ मिनिटं रखडली, आणि त्यांनी मुद्दाम रखडू दिली, डेटा टाकून देऊन लवकर चालू करण्यापेक्षा उशीर झालेला परवडला म्हणाले. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलंय, किती वाजता काय झालं त्याच्यासकट. आपल्याकडे असा अहवाल कुठल्या सर्व्हर डाऊननंतर वाचल्याचं आठवतंय का कुणाला?

आता टेस्टिंग. बहुतेक ठिकाणी टेस्ट म्हणून काय करतात तर एका नोडला स्टँडबाय करतात किंवा रीबूट मारतात, मग तो नोड शहाण्यासारखा डेटाबेस बंद करतो, डिस्क सोडतो, आयपी सोडतो, दुसरा उचलतो, टाळ्या. पण खरा सर्व्हर असा निरोप घेऊन मरत नाही ना. त्याचा पॉवर सप्लाय उडतो, मेमरी खराब होते, डिस्क अर्धवट अडकते, कर्नल पॅनिक होतो. म्हणून मी सांगतो की वायर ओढा. आणि ओढली की काय काय बाहेर पडतं बघा. फेन्सिंग नुसतं आयपीएमआयवर असेल आणि तुम्ही सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबल ओढल्या, तर आयपीएमआय पण मरतो, कारण त्याला वीज त्याच सर्व्हरकडून मिळते. उरलेला नोड हुकूम सोडतो, उत्तर येत नाही, परत सोडतो, उत्तर येत नाही, आणि बिचारा बसून राहतो, कारण समोरचा मेल्याची पोच काही मिळत नाही. सेवा बंद ती बंद. कागदावर सगळं बरोबर, फेन्सिंग चालू, कोरम चालू, आणि प्रत्यक्षात सगळ्यात साध्या अपघातात, वीज जाण्यात, क्लस्टर उठत नाही. याच्यासाठी पीडीयूची दुसरी पातळी लावावी लागते, की आयपीएमआय बोलत नसेल तर सॉकेटच तोडा. हे वायर ओढल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

असंच दुसरं म्हणजे, आयपीएमआयने ऑफचा हुकूम दिला की काही मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं कुणी पॉवरचं बटण दाबलं, आणि ती आरामात एकेक सर्व्हिस बंद करत बसते, तोवर पलीकडचा ताटकळतोय. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये ते बटण दुर्लक्षित करायला एक ओळ लागते. एक ओळ! आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, कमी ठेवले असतील तर रात्री बॅकअपचा लोड आला की डेटाबेस जरा मंद उत्तर देतो, पेसमेकरला वाटतं गेला, फेलओव्हर करतो, नव्या नोडची मेमरी रिकामी असते म्हणून तो अजून मंद, की परत फेलओव्हर. धडधाकट सिस्टीम स्वतःच स्वतःला पाडते. हे पण लोड टाकून बघितल्याशिवाय समजत नाही.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१, राष्ट्रीय शेअर बाजार, एनएसई. सकाळी ११:४० ला ट्रेडिंग थांबलं. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक होत्या, दोन्हीत अडचण आली, त्यातून स्टोरेजचं बिनसलं, रिस्क मॅनेजमेंटची सिस्टीम बसली. दुसरी साइट होती, डिझास्टर रिकव्हरीची, वेगळ्या शहरात, पण तिकडे गेलेच नाहीत. बाजार परत उघडला दुपारी ३:४५ ला आणि त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालवला. तोवर बीएसई चालूच होता, ब्रोकर लोकांची तिकडे सौदे कापताना काय धावपळ झाली ते त्या दिवशी ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना विचारा. लगेच पुढच्या महिन्यात सेबीने नियम कडक केले, बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत दुसऱ्या साइटवरून काम सुरू करायचं. मला यातलं सगळ्यात आवडलं ते नंतरचं. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४, दोन्ही शनिवार, बाजाराला एरवी सुट्टी, त्या दिवशी खास ट्रेडिंग ठेवलं, आधी मुख्य साइटवरून आणि मग मध्ये थांबवून दुसऱ्या साइटवरून, खरे सौदे, खरे पैसे, आधी जाहीर करून, सगळ्या देशासमोर. तारीख सांगा म्हणतो ती अशी तारीख. शेअर बाजार हे करू शकतो तर दाखले देणारी यंत्रणा, परीक्षेचे फॉर्म भरून घेणारी यंत्रणा, रेशनच्या अंगठ्याची यंत्रणा का नाही करू शकत?

आणि कुणी असं पण समजू नये की क्लस्टर असला की बॅकअप नको. कुणी चुकून टेबल उडवलं तर डीआरबीडी ते उडवणं पण इमानदारीत दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, लगेच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (गिटहबसारखीच कोड ठेवायची दुसरी कंपनी) इंजिनीअरने रेप्लिकेशन दुरुस्त करताना चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, जो चालू होता त्याच्यावर, आणि मग बॅकअपचे एकेक प्रकार बघितले तर धड चालू एकही नाही, शेवटी काही तासांपूर्वी योगायोगाने काढून ठेवलेल्या एका कॉपीवर निभावलं. जास्त लिहीत नाही, बॅकअपवर वेगळं पत्र होईल.

तर माझं म्हणणं टेंडर काढणाऱ्यांना. "हाय ॲव्हेलेबिलिटी असावी" असं एक वाक्य लिहून सोडून देऊ नका. लिहा की बिल पास होण्याआधी आमच्या माणसासमोर चालू नोडच्या दोन्ही पॉवर केबल ओढायच्या, मग परत जोडून फक्त हार्टबीटच्या केबल ओढायच्या, मग कर्नल मुद्दाम पाडायचा, आणि हे सगळं चालू असताना एका खिडकीवरच्या पीसीवरून नोंदी करत राहायच्या. किती सेकंद सेवा थांबली ते घड्याळ लावून मोजायचं, परत जोडल्यावर एकही नोंद हरवलेली किंवा दुप्पट झालेली नाही ना ते मोजायचं, तो कागद फाइलला लावायचा आणि मगच चेक. आणि हे दर तीन महिन्यांनी परत, कारण मध्ये कुणी तरी स्विच बदलतो, फायरवॉल बदलतो, आयपीएमआयचा पासवर्ड बदलतो आणि क्लस्टरमध्ये टाकायला विसरतो. ९९.९९ टक्के अपटाइम म्हणून कागदावर लिहिता ना, त्याचा अर्थ वर्षाला साधारण ५२ मिनिटं बंद, सगळं मिळून. मोजतं का कुणी?

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. व्हेंडर म्हणतो अशी वायर ओढली तर हार्डवेअर खराब होईल, वॉरंटी जाईल. अहो, वायर निघाल्यावर खराब होणारा सर्व्हर घेतलाच कशाला? आणि साहेब म्हणतात की चालू सिस्टीमला कशाला हात लावायचा, काही झालं तर जबाबदारी कुणाची. हे दुसरं मात्र खरं आहे, मी त्या माणसाला दोष देत नाही, कारण टेस्ट करताना पडलं तर त्याला नोटीस येते आणि टेस्ट न करता जूनमध्ये पडलं तर ती "तांत्रिक अडचण" असते, तिथे कुणालाच नोटीस येत नाही. हे उलटं व्हायला पाहिजे. तुमच्या पेपरने ते करता येईल, फार काही नाही, पुढच्या वेळी बातमीत संबंधितांच्या नावाखाली एक ओळ छापा: शेवटची फेलओव्हर चाचणी अमुक तारखेला, किंवा "तारीख देण्यात आली नाही". दोन-तीन महिने छापून बघा ही ओळ. बँकांना, पतसंस्थांना तर दुसरा-चौथा शनिवार मोकळाच मिळतो, तिथे तर सबबच नाही. एका पतसंस्थेत आम्ही दुसऱ्या शनिवारी दुपारी करतो, चेअरमन स्वतः येऊन बसतात आणि कुठली वायर ओढायची ते तेच सांगतात, मला आधी माहीत नसतं.

नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत वेगळा दिलाय, छापू नये ही विनंती, धंद्याचा प्रश्न आहे.

आपला नियमित वाचक,
एक क्लस्टरवाला, सांगली

ता.क. — पॉवर केबलवरून आठवलं. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात ते दोन वेगळ्या यूपीएसवर लावायला, दोन्ही एकाच यूपीएसच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावायला नाही. वीज ही मोठ्यांनाही नडते, २१ नोव्हेंबर २०२० ला एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली, इंटरनेट बँकिंग आणि पेमेंट अडकली, आणि आधीचेही असे प्रकार धरून रिझर्व्ह बँकेने डिसेंबरमध्ये त्यांचे नवीन डिजिटल उपक्रम आणि नवीन क्रेडिट कार्डं थांबवली, सगळे निर्बंध उठायला मार्च २०२२ उजाडला. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ऑफिसात सर्व्हर रूम असेल तर आजच मागे वाकून बघा, दोन्ही काळ्या वायरी कुठे जातायत.